जुनी धूळ म्हणजे मेलेली धूळ नव्हे : ॲल्युमिनियमची भुकटी का पेटते, कधी पेटते?

लग्नाची बिर्याणी ॲल्युमिनियमच्या ज्या मोठ्या देगेत शिजते, ती देग तासन्‌तास आचेवर असते. खाली लाकडं धगधगत असतात, वरून दमासाठी निखारे ठेवलेले असतात. देग काळी पडते, कधी वाकडी होते, पण पेटत नाही. देगेला आग लागली असं कुणी ऐकलेलं नाही. म्हणून ॲल्युमिनियम जळतं म्हटलं की लोक हसतात. धातू कसा जळेल हो?

जळतो. आणि असा जळतो की पेट्रोलही मागे पडावं. हेच ॲल्युमिनियम मैद्यासारखं बारीक केलं की त्याचा स्वभाव पार बदलतो. दिवाळीच्या फटाक्यांतला डोळे दिपवणारा पांढरा उजेड पुष्कळदा त्याचाच असतो. श्रीहरिकोट्याहून उडणाऱ्या आपल्या पीएसएलव्ही रॉकेटच्या पहिल्या टप्प्यात जे घन इंधन भरतात, त्यातही ॲल्युमिनियमची भुकटी असते. आणि हीच भुकटी एखाद्या पॉलिशच्या कारखान्यात कोपऱ्यात, तुळईवर, पाइपात साचत गेली, तर ती कुणाला न विचारता पेट घेऊ शकते.

हा विषय आम्ही आज का घेतला? आपल्या घरांतली कितीतरी माणसं बफिंगच्या, ग्राइंडिंगच्या, भांड्यांच्या, फॅब्रिकेशनच्या आणि भंगाराच्या कामात आहेत. धारावीत ॲल्युमिनियमचं भंगार वितळवून लाद्या पाडण्याचा धंदा वर्षानुवर्षं चालत आलेला आहे. दिवसभर चकतीसमोर उभा राहिलेला कारीगर घरी येतो तेव्हा त्याच्या केसांवर, भुवयांवर करडी धूळ असते. ती धूळ नेमकी काय आहे, हे त्याला कुणी बसून सांगितलेलं नसतं. सांगितलं तर एवढंच, ‘धूळ आहे, झटकून टाक.’ आणि ड्रममध्ये पडून राहिलेल्या जुन्या, ओलसर धुळीबद्दल तर सगळ्यांचा समज एकच असतो, की ती आता निकामी झाली, तिच्यात काही राहिलं नाही. हा समज किती महाग पडू शकतो, ते चीनमधल्या एका कारखान्याने दाखवून दिलं आहे.

कुनशानची सकाळ

चीनच्या जिआंगसू प्रांतात कुनशान नावाचं शहर आहे. तिथे गाड्यांच्या ॲल्युमिनियमच्या चाकांना पॉलिश करणारा झोंगरोंग नावाच्या कंपनीचा कारखाना होता. २ ऑगस्ट २०१४ रोजी सकाळी साडेसातच्या सुमारास, पाळीचं काम नुकतंच सुरू झालेलं असताना तिथे प्रचंड स्फोट झाला. त्याच दिवशी मृतांचा आकडा सत्तरच्या पुढे गेला. भाजलेल्यांपैकी अनेकजण पुढच्या आठवड्यांत आणि महिन्यांत गेले. वर्ष संपेपर्यंत मृतांची संख्या १४६ झाली होती.

तिथे ना गॅसची टाकी फुटली होती, ना कुणी बॉम्ब ठेवला होता. जळली ती धूळ. सरकारी चौकशीत जे कारण पुढे आलं, ते प्रत्येक कारखानदाराने आणि कारीगराने लक्षात ठेवावं असं आहे. धूळ ओढून घेणाऱ्या यंत्राखाली धूळ साठवण्याचं एक पिंप होतं. ते गंजून फुटलं होतं. त्यात ओल शिरली. आतली ॲल्युमिनियमची धूळ ओलसर झाली, आतल्या आत तापत गेली आणि शेवटी पेटली. त्या ठिणगीने यंत्रातली धूळ उडाली, मग पाइपांतली, मग कारखान्यात जागोजागी साचलेली. एकामागून एक स्फोट झाले.

म्हणजे सुरुवात ताज्या, कोरड्या, चमकदार भुकटीने केली नाही. ज्या धुळीला आपण मेलेली म्हणतो, तिने केली. हे कसं झालं, ते समजायचं तर दोन गोष्टी धरून चालावं लागेल: कणाचा आकार आणि कणाचं वय.

लाकडाचा ओंडका आणि ढलप्या

चूल पेटवायची असते तेव्हा कुणी सरळ ओंडक्याला काडी लावत नाही. आधी ढलप्या, भुसा, काटक्या. लाकूड तेच, पण बारीक केलं की लवकर पेटतं. कारण आग नेहमी पृष्ठभागावर लागते. हवा जिथे पोचते, तिथेच जळणं होतं. तुकडे जितके बारीक, तितका हवेला भिडणारा पृष्ठभाग जास्त.

आता हा हिशोब ॲल्युमिनियमवर करून बघा. लुडोच्या फाशासारखा एक सेंटिमीटरचा ठोकळा घ्या. वजन भरेल सुमारे २.७ ग्रॅम. त्याच्या सहा बाजूंचा मिळून पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर, म्हणजे एखाद्या टपाल तिकिटाएवढा. याच ठोकळ्याचे दहा मायक्रॉनचे तुकडे केले, तर पृष्ठभाग एकदम ६,००० चौरस सेंटिमीटर होतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. एक मायक्रॉनपर्यंत बारीक केलं तर ६ चौरस मीटर. आणि एका मायक्रॉनचाही दहावा भाग, म्हणजे शंभर नॅनोमीटर केलं, तर ६० चौरस मीटर! साडेसहाशे चौरस फूट झाले हे. मुंब्र्यात किंवा मीरा रोडला एवढ्यात एक संसार मांडला जातो. एवढा पृष्ठभाग त्या एका फाशातून निघतो.

दुसरी गोष्ट उष्णतेची. मोठा ठोकळा एका बाजूने तापवला तर उष्णता साऱ्या अंगात पसरते, कुठलाच भाग पेटण्याइतका तापत नाही. देग म्हणूनच वाचते, शिवाय आतलं पाणी आणि तांदूळ तिची उष्णता सतत खेचून घेत असतात. बारीक कणाला मात्र उष्णता पसरवायला जागाच नसते. एवढीशी ठिणगी त्याला पुरते.

आणि ॲल्युमिनियमच्या पोटात उष्णता किती भरलेली असते? एक ग्रॅम पूर्ण जळलं तर सुमारे ३१ किलोज्यूल. वजनाला वजन लावलं तर पेट्रोल यापेक्षा जास्त देतं. पण ॲल्युमिनियम जड आहे. लिटरला लिटर लावलं तर ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता देतं. रॉकेटवाल्यांना त्याचं आकर्षण आहे ते यामुळेच. कमी जागेत जास्त आग.

अंगावरची पातळ चादर

मग प्रश्न येतो की एवढं जळाऊ असूनही ॲल्युमिनियम हवेत शांत कसं बसतं? त्याचं उत्तर त्याच्या कातडीत आहे.

ॲल्युमिनियमचा ताजा कापलेला भाग हवेला लागला की क्षणाच्या आत त्यावर ऑक्साइडचा थर चढतो. लोखंडालाही गंज चढतो, पण लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो, पापुद्र्यांनी सुटतो आणि खालचं लोखंड उघडं पडत राहतं. ॲल्युमिनियमचं तसं नाही. त्याचा थर घट्ट चिकटून बसतो आणि आतल्या धातूला हवेपासून झाकून ठेवतो. जाडी किती? कोरड्या हवेत अवघे दोन ते चार नॅनोमीटर. तेवढ्यावर तो थांबतो. हार्ड ॲनोडाइज्ड कढई किंवा कुकर घरात असेल, तर त्यावर हाच थर विजेच्या मदतीने मुद्दाम जाड केलेला असतो.

ही चादर पातळ असली तरी चिवट आहे. आतलं ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सियसला वितळतं, पण वरचं ऑक्साइड वितळायला २,००० अंशांच्याही वर जावं लागतं. म्हणजे आत धातूचं पाणी झालेलं असतं आणि बाहेर कडक टरफल तसंच उभं असतं. अंडं उकडताना आत हालचाल सुरू असते, पण कवच जागेवर असतं, तसंच काहीसं. धातू पेटायचा तर हे कवच फुटलं, तडकलं किंवा वितळलं पाहिजे.

इथेच आकाराचा खेळ सुरू होतो. शंभर मायक्रॉनचा जाडसर कण साधारण कवच वितळण्याच्या तापमानापर्यंत, म्हणजे दोन हजार अंशांच्या आसपास जावा लागतो, तेव्हा कुठे नीट पेटतो. नॅनोमीटरमधला कण मात्र हजार अंशांच्या खालीच, कधी धातू वितळतो त्या सुमारालाच पेट घेतो. तापताना आतला धातू फुगतो, कवचाची रचना बदलते, त्याला भेगा पडतात. मोठ्या कणात त्या भेगा नवीन ऑक्साइडने पुन्हा भरून निघतात. लहान कणात भेगेतून होणाऱ्या जळण्याची उष्णताच एवढी असते की भेग भरून निघण्याआधी सारा कण पेटलेला असतो.

एकदा पेटल्यावर मोठा कण आतून उकळू लागतो. धातूची वाफ बाहेर येते आणि कणाभोवती ज्योतीचं कडं तयार होतं. तापमान तीन हजार अंशांच्या घरात जातं. जळून जे उरतं तो पांढरा धूर, म्हणजे ऑक्साइडच. कण दहापट लहान केला तर तो जळून संपायला लागणारा वेळ साधारण साठपट कमी होतो. म्हणून जाडसर चुरा तडतडत ठिणग्या देतो, तर बारीक धुळीचा ढग एका श्वासात जळतो. भिंतींच्या आत एका श्वासात जळणं, यालाच स्फोट म्हणतात.

आगगाडीच्या रुळांचे जोड जोडताना तुम्ही पाहिलं असेल. मातीच्या साच्यावर ठेवलेल्या भांड्यात लखलखता रस उसळतो आणि खाली सांध्यात उतरतो. तिथेही ॲल्युमिनियमच आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हान्स गोल्डश्मिट यांनी १८९०च्या दशकात ही पद्धत बसवली आणि आपल्या रेल्वेतही ती वापरतात. पण तिथे मुद्दाम जाडसर दाणे घेतात. पीठ घेतलं तर काम आवरता येणार नाही. एकच धातू, पण दाण्याच्या मापावर ठरतं की तो नोकर राहील की मालक होईल.

फार बारीक करण्याचीही किंमत असते

मग जितकं बारीक तितकं चांगलं, असं रॉकेटवाले म्हणतात का? नाही. कारण चादरीची जाडी सगळ्या कणांवर जवळपास सारखीच असते. लहान मुलाला आणि मोठ्या माणसाला एकाच जाडीची गोधडी गुंडाळली, तर लहान मूल गोधडीतच हरवून जातं. तसंच इथे होतं.

दहा मायक्रॉनच्या कणात तीन नॅनोमीटरच्या कवचाचं वजन एक टक्क्याच्याही बरंच खाली असतं. बाकी सगळा धातू. शंभर नॅनोमीटरच्या कणात तेच कवच वजनाचा जवळजवळ पाचवा हिस्सा खाऊन टाकतं. चाळीस नॅनोमीटरवर गेलात तर जवळपास निम्मं वजन कवचाचं! आणि कवच म्हणजे आधीच जळून गेलेलं ॲल्युमिनियम, त्यातून पुन्हा उष्णता मिळत नाही. शिवाय इतके बारीक कण एकमेकांना चिकटून गोळे करतात आणि मोठ्या कणासारखेच वागू लागतात. म्हणून नॅनो भुकटी पेटते अतिशय लवकर, पण वजनाच्या मानाने उष्णता कमी देते.

मात्र सुरक्षेच्या दृष्टीने ‘लवकर पेटते’ हीच बाजू महत्त्वाची. नॅनो भुकटीचा ढग पेटायला एक मिलिज्यूलपेक्षाही कमी ऊर्जेची ठिणगी पुरते. टेरिलीनचा शर्ट काढताना जी चुटचूट होते, दाराच्या कडीला हात लावल्यावर जो झटका बसतो, त्यात याहून जास्त ऊर्जा असू शकते. नुकतीच तयार केलेली नॅनो भुकटी तर एकदम हवेत उघडली की आपोआप पेटते. म्हणून ती बनवताना तिला थोडा थोडा ऑक्सिजन पाजून आधी चादर चढवावी लागते.

वय वाढतं तेव्हा काय होतं?

आता दुसरी गोष्ट, वय. भुकटी पडून राहिली की जुनी होते म्हणजे नेमकं काय होतं? कोरड्या जागी, डबा घट्ट बंद असेल, तर फार काही होत नाही. चादर आहे तेवढीच राहते. वर्षं जातात, भुकटी जवळपास तशीच असते.

म्हातारपण आणते ती ओल. पाण्याची वाफ त्या ऑक्साइडच्या चादरीत हळूहळू मुरते, तिला मऊ करते, तिच्यातून आत उतरते. मग धातूशी पाण्याची गाठ पडते आणि ॲल्युमिनियमचं हायड्रॉक्साइड बनू लागतं. गंमत म्हणजे हे एकदम होत नाही. सुरुवातीला बराच काळ काहीच घडत नाही असं वाटतं. मग एकदा चादर ठिकठिकाणी फाटली की प्रक्रिया वेग घेते, आणि धातू संपत आला की पुन्हा मंदावते. वाळवी लागलेल्या दारासारखं. बाहेरून दार शाबूत दिसतं आणि एक दिवस बोट लावलं की आत जातं.

कोकणपट्टीत पावसाळ्याचे चार महिने हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर सहज असते. उघड्या ड्रममधल्या धुळीला याहून चांगलं निमित्त काय हवं? आणि इथेही आकाराचा नियम चालतोच. पृष्ठभाग जितका जास्त, तितकी ओलीची पकड जास्त. जाडसर चुरा ओलीत बराच टिकतो, नॅनो भुकटी दमट हवेत काही आठवड्यांतच बिघडू शकते.

अशा जुन्या भुकटीच्या जळण्यावर काय परिणाम होतो? आत धातू कमी उरलेला असतो, म्हणून उष्णता कमी मिळते. चादर जाड झालेली असते, म्हणून पेटायला जास्त जोरदार ठिणगी लागते. कणांचे गोळे झालेले असतात, म्हणून ढग नीट उठत नाही, ज्योत सावकाश पसरते. रॉकेटचं इंधन बनवणाऱ्यासाठी असा माल म्हणजे नुकसान. म्हणून ते भुकटीत जिवंत धातू किती उरला आहे हे तपासल्याशिवाय ती वापरत नाहीत. एक जुनी पद्धत अशी: मोजून घेतलेली भुकटी अल्कलीच्या द्रावणात विरघळवायची आणि निघालेला हायड्रोजन मोजायचा. जितका हायड्रोजन, तितका जिवंत धातू. रंगाच्या कारखान्यांनीही आपली वाट काढली आहे. चंदेरी रंगातल्या ॲल्युमिनियमच्या चपट्या पाकळ्यांवर स्टिअरिक ॲसिडचा मेणकट लेप असतो आणि त्या बहुधा सुट्या भुकटीऐवजी द्रावकात भिजवलेल्या लगद्याच्या रूपात पुरवतात. त्यामुळे धूळही उडत नाही.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग बरंच झालं की! जुनी भुकटी पेटायला अवघड, म्हणजे जुनी झाली की सुरक्षित. नेमकी इथेच फसगत होते.

म्हातारपणाची दुसरी बाजू

धातू आणि पाणी यांची गाठ पडते तेव्हा नुसतं हायड्रॉक्साइड बनत नाही. सोबत दोन गोष्टी बाहेर पडतात: हायड्रोजन वायू आणि उष्णता.

हिशोब मांडून बघू. एक किलो ॲल्युमिनियमची पाण्याशी पूर्ण प्रक्रिया झाली तर सुमारे १,२०० लिटर हायड्रोजन निघतो. घरातल्या मोठ्या फ्रिजच्या तिप्पट जागा भरेल इतका. आणि उष्णता एवढी की पन्नास लिटर पाणी उकळीला यावं. अर्थात हे सगळं एका तासात होत नाही. पण धूळ एका किलोवरही थांबत नाही. पिंपात दहा-वीस किलो सहज साचते.

ओल्या गवताची गंजी रचून ठेवली की ती आतून तापते, शेतकऱ्यांना हे माहीत आहे. शेणखताच्या ढिगात हात घातला तर आत गरम लागतं. ढीग मोठा असेल तर आतली उष्णता बाहेर पडत नाही. तापमान वाढलं की प्रक्रिया वेगाने होते, वेग वाढला की आणखी तापतं. ॲल्युमिनियमच्या ओल्या धुळीच्या पिंपात हेच चालतं. जमिनीवर पातळ पसरलेली तीच धूळ एवढी तापली नसती, कारण उष्णता हवेत निघून गेली असती. पिंपात ती कोंडली जाते.

आणि त्या पिंपातली सगळी धूळ म्हातारी झालेली असते का? नाही. खालचा थर भिजलेला, वरचा कोरडा आणि ताजा, कालच्या पाळीतला. जुना थर काडी बनतो आणि नवा थर इंधन. कुनशानमध्ये हेच दोन चेहरे एकत्र आले. ओल्या धुळीने उष्णता दिली, कोरड्या बारीक धुळीने स्फोट दिला.

म्हणून आमचं सांगणं एका वाक्यात असं: वयाने ॲल्युमिनियमची भुकटी कमजोर होते, पण निरुपद्रवी होत नाही. रॉकेटसाठी जो माल खराब झाला, तो कारखान्यासाठी सुरक्षित झाला असं समजू नका.

स्फोटाला पाच गोष्टी लागतात

धूळ आहे म्हणजे स्फोट होणारच, असं नाही. पाच गोष्टी एकत्र याव्या लागतात. जळणारी धूळ, हवा, ठिणगी किंवा उष्णता, धुळीचा उडालेला ढग, आणि हे सगळं कोंडून ठेवणारी जागा. यातली हवा काढता येत नाही. बाकी चारांवर आपला हात चालतो.

ढग किती दाट लागतो? एका घनमीटर हवेत काही दहा ग्रॅम ॲल्युमिनियमची धूळ उडाली तरी ती स्फोट करू शकते. म्हणजे मोठ्या कपाटाएवढ्या जागेत दोन-तीन मोठे चमचे. तुळईवर, पंख्यांवर, पत्र्याच्या खाचांत साचलेला धुळीचा थर डोळ्यांना क्षुल्लक दिसतो. पण पहिल्या छोट्या स्फोटाच्या धक्क्याने तो सगळा खाली उडतो आणि दुसरा स्फोट मोठा होतो. २९ ऑक्टोबर २००३ रोजी अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात हंटिंग्टन इथे गाड्यांची ॲल्युमिनियमची चाकं बनवणाऱ्या कारखान्यात असाच धुळीचा स्फोट होऊन एका कामगाराचा जीव गेला. तिथेही संशयाचा काटा धूळ गोळा करणाऱ्या यंत्राकडेच गेला.

कारखान्यात काय करावं, काय टाळावं

घरातली मुलं, भाऊ, चाचा जिथे काम करतात, तिथे पुढच्या गोष्टी बघायला सांगा. कुणाशी भांडायची गरज नाही. मालकालाही आपला कारखाना उभाच हवा असतो.

पिंप रोज रिकामं करा. पाळी संपली की धूळ बाहेर, असा नियम ठेवा. आठवड्याचं उद्यावर टाकलेलं काम इथे महागात पडतं.

छप्पर गळत असेल, पिंपाला गंज लागून भोक पडलं असेल, तर आधी ते दुरुस्त करा. विशेषतः मृग लागायच्या आधी.

धूळ ओली झालीच, तर ती घट्ट झाकणाच्या डब्यात कोंडू नका. हायड्रोजन साचेल. डबा मोकळ्या हवेत, आडोशाला, इमारतीपासून दूर ठेवा आणि लवकर विल्हेवाट लावा. पाण्याच्या फवाऱ्याने धूळ पकडणारं यंत्र असेल, तर त्याचा गाळही रोज काढायला हवा आणि तिथे हवा खेळती हवी.

कॉम्प्रेसरच्या हवेने धूळ उडवून साफसफाई करू नका. त्यानेच तर ढग तयार होतो. घरगुती व्हॅक्यूम क्लीनरही चालवू नका, त्याच्या मोटारीत ठिणग्या असतात. मऊ ब्रश आणि ठिणगी न उडवणारं सुपडं घेऊन हलक्या हाताने गोळा करा.

लोखंड आणि ॲल्युमिनियम एकाच चकतीवर, एकाच धूळ-यंत्रावर घासू नका. लोखंडाची ठिणगी आणि गंजाची भुकटी ॲल्युमिनियमच्या धुळीत जाणं धोक्याचं आहे.

यंत्रं आणि पाइप अर्थिंगला जोडलेले असावेत. अंगात सुती कपडे असावेत. बिडी-सिगारेट, वेल्डिंग, गॅस कटर धुळीच्या खोलीत नको.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. ॲल्युमिनियमची धूळ पेटली तर पाणी मारू नका. पाणी तिच्यासाठी आग विझवणारं नाही, आणखी खुराक आहे. हायड्रोजन निघतो आणि आग भडकते. कार्बन डायऑक्साइडचा नळकांडाही चालत नाही. एक तर त्याच्या झोताने धूळ उडते आणि दुसरं म्हणजे पेटलेलं ॲल्युमिनियम त्या वायूतला ऑक्सिजनसुद्धा ओढून घेतं. कोरडी रेती हलकेच, कडेकडेने ओतून झाका. धातूच्या आगीसाठी वेगळा ‘डी’ वर्गाचा अग्निशामक मिळतो, तो ठेवा. आग मोठी असेल तर सामानाचा मोह सोडा आणि बाहेर पडा. फोन केल्यावर अग्निशमन दलाला आधी हेच सांगा की ॲल्युमिनियमची धूळ जळते आहे.

१९४८च्या कारखाने कायद्यात स्फोटक धूळ आणि वायू यांच्यासाठी कलम ३७ स्वतंत्र लिहिलं गेलं. म्हणजे हा धोका नवा नाही आणि ही काळजी मालकाची मेहेरबानीही नाही. महाराष्ट्रात कारखान्यांची सुरक्षा पाहण्यासाठी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आहे. शंका असेल तर विचारायला संकोच करू नये.

घरच्यांनीही दोन गोष्टी पाळाव्यात. कामाचे धुळीचे कपडे चुलीजवळ किंवा गॅसजवळ झटकू नका, बाहेर मोकळ्यावर काढा आणि वेगळे धुवा. चंदेरी भुकटी, चुरा किंवा कीस कुतूहल म्हणून घरात साठवू नका, मुलांच्या हाती तर मुळीच देऊ नका. आपली पातेली, डबे, जेवण गुंडाळायची फॉइल यांची मात्र भीती बाळगायचं कारण नाही. तो धातू जाड आहे, त्याची चादर शाबूत आहे.

आज संध्याकाळी घरातला कारीगर परत आला की चहा पिताना त्याला एवढंच विचारा: तुमच्याकडचं धुळीचं पिंप शेवटचं कधी रिकामं केलं होतं? उत्तर ‘आठवत नाही’ असं आलं, तर उद्या सकाळी चकती सुरू करण्याआधी ते काम करायला सांगा.